शेजारच्या बाईंचे बाबा

माझे बाबा नागपुरात गेले तेव्हा करोनामुळे विमानं बंद होती. भावाने घाटावर फोन उभा धरला होता, पण नेटवर्क सारखं तुटत होतं. लंडनजवळ पिनरच्या आमच्या स्वयंपाकघरात मी ओट्याला टेकून एका गोठलेल्या चित्राकडे बघत राहिले. चित्रात बाबा नव्हतेच. भावाच्या खांद्याचा एक तुकडा होता आणि मागे कडुनिंबाची फांदी. आयुष्यभर हॉस्पिटलात काम केलं, कितीतरी घरच्यांना "सॉरी फॉर युअर लॉस" म्हटलं. त्या दिवशी मला ते कोणी म्हणू नये असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंनी दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीवर सफरचंदाचा केक ठेवला आणि हेजच्या झुडपांपलीकडे लांब उभ्या राहिल्या. कोणी कोणाच्या घरात जायचं नाही असे ते दिवस होते. बाई तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होत्या. उंच, ताठ, शाळेत फ्रेंच शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नाही. मूळच्या हंगेरियन, एवढंच मला माहीत होतं. इतकी वर्षं शेजारी राहून आमचं बोलणं कचऱ्याचे बिन्स, गुलाब आणि काउन्सिलच्या पुढे फारसं गेलं नव्हतं. दिवाळीला मी चिवडा द्यायचे, ख्रिसमसला त्या खसखशीचा गोड रोल द्यायच्या.

त्यांनी सॉरी म्हटलं नाही. विचारलं, "तुमच्यात पुढे काय करतात?"

मी सांगितलं. दहन झालं. अस्थी भावाने कापडात बांधून घाटावरच्या झाडाला टांगून ठेवल्या आहेत, मी येईपर्यंत. आमच्याकडे त्या घरात आणत नाहीत.

"का आणत नाहीत?"

"माणूस घरात अडकू नये म्हणून. त्याला पुढे जाता यावं."

बाईंनी मागे वळून आपल्या घराकडे बघितलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "माझे बाबा घरातच आहेत. जेवणाच्या खोलीतल्या कपाटात, वरच्या फळीवर."

मी डॉक्टर आहे, राखेला घाबरणारी नाही. तरी नजर त्यांच्या जेवणाच्या खोलीच्या खिडकीकडे गेली. त्या कपाटाशेजारच्या खुर्चीत बसून मी कितीदा चहा प्यायले होते.

त्या उन्हाळ्यात बाईंनी मला त्यांच्या बाबांची गोष्ट सांगितली. एका दमात नाही. कधी भिंतीच्या पलीकडून, पुढे दारं उघडल्यावर त्यांच्या स्वयंपाकघरात. मी मधे काही विचारलं की त्या थांबायच्या, म्हणून मी विचारणं सोडून दिलं.

त्यांचे बाबा हंगेरीच्या परराष्ट्र खात्यात होते. युद्ध सुरू असताना त्यांची लिस्बनच्या वकिलातीत बदली झाली. निघायच्या आठवड्यात सात वर्षांच्या थोरल्या मुलीला स्कार्लेट फीवर हा संसर्गाचा ताप आला. डॉक्टर म्हणाले, प्रवास नको. मग असं ठरलं की मुलगी बुडापेस्टला आजीपाशी राहील आणि उन्हाळ्यात मावशीबरोबर येईल. आईने पोरीला खिडकीत उभं करून हात हलवायला लावला. आईबाबा टॅक्सीत बसले.

उन्हाळा आला तोवर रस्ते बंद झाले होते. बाई लिस्बनला जन्मल्या. बहीण म्हणजे त्यांच्या लेखी भिंतीवरचा एक फोटो. केसांत पांढरी रिबिन बांधलेली, गंभीर चेहऱ्याची मुलगी.

लिस्बन म्हणजे त्या वेळी युरोपातून निसटायचं दार होतं. वकिलातीच्या जिन्यावर लोक मुलंबाळं घेऊन दिवसभर बसून असत. बाईंचे बाबा कागद करून द्यायचे, कधी नियमात बसवून, कधी न बसवून. त्यात ज्यू कुटुंबं पुष्कळ होती. आई त्या मुलांना दूध द्यायला खाली जायची. एकदा तिने पांढरी रिबिन बांधलेली कोणाची तरी मुलगी बघितली आणि त्यानंतर खाली जाणंच बंद केलं. हे बाईंना खूप पुढे बाबांनी सांगितलं. बाबांनी आईबद्दल सांगितलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक.

हंगेरी जर्मनीच्या बाजूने लढत होता. तरीही एका वसंतात जर्मन फौजा बुडापेस्टमध्ये शिरल्या आणि त्यांच्या मर्जीतलं सरकार बसलं. वकिलातीला तार आली की नव्या सरकारशी एकनिष्ठ आहोत असं प्रत्येकाने कळवावं. बाईंच्या बाबांनी नाही म्हणून कळवलं. त्याच दिवशी नोकरी गेली, पगार गेला, पासपोर्ट निकामी झाला.

"तुम्हाला अभिमान वाटत असेल," मी म्हटलं.

"मला वाटतो," बाई म्हणाल्या. "माझ्या बहिणीचा विचार करा. बाप परदेशात बसून बाणेदारपणे नाही म्हणाला. पोलीस दारात आले ते आजीच्या."

युद्ध संपल्यावर थोडा काळ असा होता की मुलीला आणता आलं असतं. ओळखीचे लोक तयार होते. पण आजीचा धाकटा मुलगा आघाडीवर मेला होता, नात तेवढी उरली होती. तिने निरोप पाठवला की शाळेचं वर्ष संपू दे. आणि बाबांना स्वतःलाच वाटत होतं की आता आपण सगळेच घरी जाणार, पोरीला उगाच इकडे का ओढायचं? येत्या उन्हाळ्यात बघू, असं त्यांनी कळवलं. मग कम्युनिस्ट आले, सीमेवर तारा लागल्या. एकदा नाही म्हटलेल्या माणसाला परत गेल्यावर तुरुंगच होता. तोवर हे तिघं इंग्लंडला आले होते.

वकिलातीतले साहेब लंडनजवळ स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये, कारखान्यांच्या वसाहतीत, एका गोदामात माल उतरवून घ्यायला लागले. रोज कडक कॉलर घालून जायचे. तिथल्या माणसांनी त्यांचं नाव "काउंट" ठेवलं. ते काउंट, म्हणजे सरदार वगैरे कोणी नव्हते, गावाकडच्या शाळामास्तरांचे चिरंजीव होते. पण त्यांनी कधी कोणाची चूक दुरुस्त केली नाही. "घरी येऊन हात धुवायचे आणि बराच वेळ हातांकडे बघत बसायचे," बाई म्हणाल्या. आई फार जगली नाही. छातीचं दुखणं होतं, पण बाईंच्या मते दुखणं वेगळंच होतं.

तिकडे बुडापेस्टमध्ये "जुन्या राजवटीची माणसं" म्हणून आजी-नातीला शहरातून हाकललं. एका खेड्यात, परक्या शेतकऱ्याच्या घरी, एका खोलीत टाकलं. पोरगी शेतात राबायला लागली. कॉलेजचं दार तिला बंद होतं, कारण बाप देशद्रोही. आजी त्याच खेड्यात हिवाळ्यात वारली. तिला पुरलं तेव्हा सोबत घरमालक शेतकरी होता आणि ही मुलगी. पुढे पुष्कळ वर्षांनी, लॅबोरेटरीत नोकरी लागल्यावर, तिने खटपटी करून आजीच्या अस्थी बुडापेस्टला घराण्याच्या थडग्यात आणल्या. एकटीने.

हे सगळं सांगताना बाई रडल्या नाहीत. रडल्या त्या व्हिएन्नाची गोष्ट सांगताना.

तेव्हा तिकडे थोडं सैल झालं होतं. थोरलीला काही दिवस व्हिएन्नाला जायची परवानगी मिळाली. बाबांकडे आता ब्रिटिश कागद होते. ते आणि बाई ट्रेनने गेले. बाई विशीत होत्या, पहिल्यांदाच बहिणीला बघणार होत्या. बाबांनी लंडनहून तिच्यासाठी कोट घेतला होता, गडद निळा, उत्तम लोकरीचा. मापं माहीत नव्हती म्हणून धाकटीला घालून बघितला आणि थोडा मोठा घेतला.

स्टेशनजवळच्या कॅफेत ती आली. उंच, बापाएवढी उंच. बाबा उठून उभे राहिले. हात अर्धवट पुढे केलेले, मिठी मारावी की नाही ते न कळून तसेच राहिलेले. तिने हात मिळवला.

बाईंनी मला समजावून सांगितलं, "आमच्या भाषेत दोन-तीन प्रकारचं तुम्ही असतं. आईवडिलांना म्हणतात ते निराळं. आणि ऑफिसच्या खिडकीपाशी कारकुनाला म्हणतात ते निराळं."

मी म्हटलं, "आमच्यात आहे. तू, तुम्ही, आपण."

"तिने खिडकीवालं वापरलं."

म्हणजे ती बाबांना म्हणाली, "आपला प्रवास नीट झाला का?"

बाबा म्हणाले, "हो, बाळा."

कोट घालून बघितला तर बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर राहिल्या. ती म्हणाली, "आभारी आहे. सुंदर आहे." काढून खुर्चीच्या पाठीवर नीट घडी करून ठेवला. लॅबोरेटरीबद्दल बोलली, व्हिएन्नातल्या हवेबद्दल बोलली. जाताना कोट तिथेच राहिला. बाबा तो उचलून तिच्यामागे रस्त्यावर धावले, पण ट्राम निघून गेली होती. परतीच्या सबंध प्रवासात तो त्यांच्या मांडीवर होता.

त्यानंतर नाताळाला एक कार्ड यायचं. बस.

बर्लिनची भिंत पडायच्या काही वर्षं आधी बाबा गेले. सांगून गेले होते, "मला पुरू नका. पुरलं तर इथेच राहीन. जाळा, म्हणजे नेता येईल. जायचं झालं की बुडापेस्टला माझ्या आईच्या शेजारी ठेवा." म्हणून ते कपाटात. तिकडची राजवट बदलल्यावर बाईंनी लगेच बहिणीला फोन केला. थडगं आता तिच्या नावावर होतं. ती नाही म्हणाली. कारण सांगितलं नाही. बाईंनीही पुन्हा विचारलं नाही. दर वसंतात त्या कलश उतरवायच्या, कपाट पुसायच्या, परत ठेवायच्या.

विमानं सुरू झाली तेव्हा मी नागपूरला गेले. पण भावाने आधीच फोन केला होता. "ताई, गुरुजी म्हणतात आणखी थांबू नका. आई रोज विचारते, मोकळे झाले का म्हणून." मी हो म्हटलं. त्याने रामटेकला अंबाळा तलावात विसर्जन केलं. मी गेल्यावर तो मला तलावावर घेऊन गेला आणि एका पायरीकडे बोट दाखवलं. पाणी हिरवं, शांत होतं. मी तिथे बसले. रडू आलं नाही, आणि येत नाही म्हणून लाज वाटली.

परत आल्यावर बाईंना हे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "मी तिला आणखी एकदा विचारते. तुम्ही इथे बसाल?"

एका दुपारी त्यांनी फोन लावला, स्पीकरवर टाकला. थोरली नव्वदीला टेकली होती, तरी आवाज खणखणीत. मला हंगेरियनचं अक्षर कळत नाही. पण बाईंचा आवाज लहान होत गेला ते कळलं. पलीकडून फार नाही, दोन-चार वाक्यं आली, घाई न करता. मग फोन बंद झाला.

बाई हात मांडीवर ठेवून बसल्या. मी चहा टाकायला उठले, तर म्हणाल्या, "बसा. सांगते, नाहीतर मी ते बदलून टाकीन." आणि शब्द न शब्द इंग्रजीत सांगितलं.

"ती म्हणाली, मी त्या खिडकीत थांबले होते. आजारी होते तरी थांबले, मग बरी होऊन थांबले. दर उन्हाळ्यात थांबले. आजीला त्या चिखलातून मी एकटीने आणलं. तिच्या शेजारी मी झोपणार आहे. आता त्यांना थांबू दे."

मी उठून चहा टाकला. दोन्ही मुली त्याच बापाच्या, दोघींचंही खरं.

थोड्या दिवसांनी बाईंनीच ठरवलं. "त्यांना थांबवणारी आता मीच आहे," असं म्हणाल्या. पिनरच्या सिमेटरीत जागा घेतली. लंडनमधले एक म्हातारे हंगेरियन पाद्री आले. माणसं म्हणाल तर बाई, मी आणि माझा नवरा. नवऱ्याने गाडी चालवली आणि कलश बाईंच्या मांडीवर होता. त्याने सवयीने त्यांना सीटबेल्ट लावून दिला आणि मग पट्टा कलशाच्या खालून गेलाय की वरून, हे दोनदा तपासलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

पाऊस नव्हता, पण वारा बोचरा होता. पाद्रींनी प्रार्थना म्हटली. बाई हंगेरियनमध्ये काहीतरी गायला लागल्या, दोन ओळींनंतर शब्द आठवेनात, तेव्हा नुसतं गुणगुणल्या. खड्डा लहान होता. माती टाकताना फावडं वापरायचं मला सुचलं नाही, मी वाकून मूठ भरली. ते बघून बाईंनी हातातलं छोटं फावडं खाली ठेवलं आणि हातानेच टाकली. घरी येताना म्हणाल्या, "शेवटी इंग्लंडातच राहिले."

संध्याकाळी त्यांनी बहिणीला कळवलं. मी होते तिथे; काय बोलणं झालं ते बाईंनी नंतर सांगितलं.

"कोण कोण होतं?" तिने विचारलं.

"मी. पाद्री. शेजारचे दोघं."

"कुठले शेजारी?"

"भारतातले."

मग तिने एवढंच विचारलं, "थंडी होती?"

"होती."

फोन ठेवला गेला. मला वाटलं, संपलं.

पण काही आठवड्यांनी, एका रविवारी, तिचा फोन आला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडून आलेला फोन. काही निमित्त नाही, प्रस्तावना नाही. तिने विचारलं, ते चहा कसा प्यायचे?

बाई गडबडल्या. "लिंबू घालून. दूध त्यांना कधी जमलं नाही."

पुढच्या रविवारी पुन्हा. हसायचे का? कशाला हसायचे? रागावले की ओरडायचे की गप्प बसायचे? तुला सायकल कोणी शिकवली? तुला रात्री गोष्टी सांगायचे का, कुठल्या? तो हिवाळाभर हे चाललं. बाई शनिवारपासून आठवणी गोळा करायला लागायच्या. मला भिंतीवरून म्हणायच्या, "आज मला एक आठवलं, ते बटाटे सोलताना शिट्टी वाजवायचे. हे तिला दिलं नाहीये अजून." म्हातारपणी एवढ्या खुललेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बहीण आता त्यांना तू म्हणायला लागली होती.

मग एका सोमवारी सकाळी त्या आमच्या दारात आल्या. कोट नाही, घरातल्या सपाता घातलेल्या. मी त्यांना आत घेतलं. म्हणाल्या, "काल तिने विचारलं, माझ्याबद्दल काय बोलायचे?"

"मग?"

"काही बोलायचे नाहीत. कधीच नाही. आमच्या घरात तिचं नाव घ्यायचं नाही असं होतं. आई कोसळायची, म्हणून. आई गेल्यावर सवय म्हणून. फोटोवरून जाताना ते मान वळवायचे. मी लहान असताना मला वाटायचं, ती मुलगी मेलेली आहे."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, रोज. रोज तुझी आठवण काढायचे. तुझ्या वाढदिवसाला मेणबत्ती लावायचे."

मी त्यांचा हात धरला. गार होता.

"तिने मला सगळं बोलू दिलं. मग म्हणाली, खोटं बोलतेस. पण बोल. थांबू नकोस."

"मग?"

"मग बोलले. दमेपर्यंत बोलले. कुठून कुठून काय काय रचलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, मेणबत्ती कुठल्या रंगाची?"

एवढं बोलून बाई आमच्या स्वयंपाकघरात, माझ्या समोर, तोंडावर हात धरून रडायला लागल्या. इतक्या मोठ्याने की नवरा जिन्यावरून खाली आला आणि दारातूनच परत फिरला.

त्यानंतर थोडेच रविवार झाले. उन्हाळा सुरू व्हायच्या आधी थोरलीच्या मुलीने फोन केला. आई झोपेत गेली, त्रास झाला नाही. पणजीशेजारी, म्हणजे तिच्या आजीशेजारी, तिला हवं होतं तिथेच ठेवलं. भाचीने मोडक्या इंग्रजीत आणखी एक सांगितलं. आई हल्ली रविवारी जेवणानंतर सगळ्यांना खोलीबाहेर काढायची आणि दार लावून घ्यायची. आतून हसण्याचा आवाज यायचा. आम्हाला आईचं हसणं फारसं माहीत नव्हतं, ती म्हणाली.

बाईंची कमरेची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती, त्या जाऊ शकल्या नाहीत.

आता त्या ईलिंगच्या एका वृद्धांच्या केअर होममध्ये असतात. शेजारच्या घरात एक तरुण जोडपं आलंय, हेज काढून त्यांनी फेन्स लावलंय. मी आठवड्यातून एकदा जाते. त्यांची स्मृती शाबूत आहे, हेच मला कधी कधी कठीण वाटतं. बाबांबद्दल त्या आता बोलत नाहीत. बोलल्या तर थोरलीबद्दल, आणि तेही त्या एका हिवाळ्याबद्दलच. परवा मी त्यांच्या नखांना फाइल लावत होते, तेव्हा अचानक म्हणाल्या, "आम्ही दोघी एकत्र वाढलो असतो ना, तर खूप भांडलो असतो."

मी म्हटलं, "हो, नक्की."

"तिने माझे कपडे घेतले असते."

"तिला आखूड झाले असते," मी म्हटलं, आणि जीभ चावली.

पण त्या हसल्या. मग डोळे मिटून, मान खुर्चीला टेकवून म्हणाल्या, "दुसरा हात राहिलाय अजून," आणि दुसरा हात माझ्यापुढे केला.